गोंधळातील आख्याने

गोंधळातील आख्याने : कुलदेवतेच्या उपासनेसाठी घातल्या जाणाऱ्या गोंधळ या विधिनाट्याच्या उत्तररंगात निरूपण, गायन, संवाद व अभिनय यांच्या द्वारे सादर होणाऱ्या कथा. गोंधळ हा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा कुलाचार असून तुळजापूरची भवानी व माहूरची रेणुका या त्याच्या प्रमुख देवता होत. विवाह, मुंज, जावळ यांसारखे मंगलकार्य पार पडल्यावर किंवा नवस फेडण्यासाठी गोंधळ घालतात. परंपरेने तो रात्री सुरू होऊन पहाटे संपतो. चौक मांडण्यापासून आरतीपर्यंतचे त्याचे सर्व भाग एकाच कल्पनेने बांधलेले असतात : देवतांना बोलवावयाचे, त्यांच्या साक्षीने कथा सांगावयाची आणि शेवटी त्यांना निरोप द्यावयाचा. श्रोते मात्र या अखंड रचनेतील काही भागांची विशेष ओढीने वाट पाहतात. परभणी जिल्ह्याच्या परिसरातील परंपरा लक्षात घेऊन गोंधळाची रचना, तीतील लोकप्रिय भाग व विशेषतः ‘जांभूळ आख्यान’ यांचा परामर्श येथे घेतला आहे.

नाव व पूर्वपीठिका : आजच्या मराठीत ‘गोंधळ’ हा शब्द गडबड, अव्यवस्था या अर्थाने रूढ आहे. मूळ विधी मात्र क्रमबद्ध असून त्यातील प्रत्येक कृतीचे स्थान ठरलेले असते. रात्रीचा वाद्यघोष, दिवट्यांचा उजेड व माणसांची दाटी यांवरून व्यवहारातील अर्थ रूढ झाला असावा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात व देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या तेराव्या शतकातील ग्रंथात ‘गौंडली’ या नृत्यप्रकाराचा उल्लेख येतो. गोंधळाचा संबंध या नृत्याशी जोडण्यात येतो. एकनाथांनी आपल्या भारुडांत गोंधळाचे रूपक योजिले आहे. त्यावरून सोळाव्या शतकात हा विधी सर्वपरिचित होता, हे स्पष्ट होते. अफजलखानाच्या वधावरील (१६५९) प्रसिद्ध पोवाड्याचा कर्ता अज्ञानदास हा गोंधळी होता, असे मानतात.

गोंधळी आपल्या कलेची उत्पत्ती परशुरामाशी जोडतात. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचा वध केला, त्याच्या मस्तकाला त्याच्याच शिरांची तार लावून वाद्य केले व ते वाजवीत तो माता रेणुकेच्या दर्शनास आला, अशी ही कथा आहे. तुणतुणे हे त्या पहिल्या वाद्याचे रूप होय, अशी श्रद्धा आहे. गोंधळ्यांत कदमराई व रेणुराई असे दोन प्रमुख भेद आहेत. कदमराई तुळजाभवानीचे, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक समजले जातात.

परिसर : परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसला आहे. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला. गोंधळाच्या दृष्टीने जिल्ह्याचे स्थान लक्षणीय आहे. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी माहूर त्याच्या ईशान्येस, तर तुळजापूर नैर्ऋत्येस आहे. दक्षिणेस बीड जिल्ह्यात अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. त्यामुळे येथे एकाच गावात भवानी कुलदेवता असलेली व रेणुका कुलदेवता असलेली घराणी शेजारी शेजारी नांदतात आणि गोंधळ्याला दोन्ही देवींची पदे व कथा अवगत असाव्या लागतात. परभणीच्या राजाराम कदम या गोंधळ्यांचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते.

जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईचे (मृ. १३५०) जन्मस्थान मानले जाते. तिच्या नावावर असलेल्या रचनांत हरिश्चंद्राचे आख्यान व ‘थाळीपाक’ या द्रौपदीविषयक कथेचा समावेश होतो. हरिश्चंद्र व द्रौपदी या दोन्ही व्यक्तिरेखा गोंधळाच्या आख्यानांतही प्रमुख आहेत. गोंधळी व जनाबाई यांचा प्रत्यक्ष संबंध यावरून सिद्ध होत नाही. मात्र ज्या समाजात या कथा अभंगांतून गायिल्या गेल्या, त्याच समाजाने त्या संबळाच्या तालावरही ऐकल्या, एवढे निश्चित म्हणता येते.

साहित्य व वाद्ये : गोंधळाची मांडणी घरातील माजघरात, ओसरीवर किंवा अंगणातील मांडवात करतात. पाटावर नवे वस्त्र अंथरून त्यावर धान्याचा चौक भरतात आणि मध्यभागी पाण्याने भरलेला कलश, विड्याची पाने व नारळ ठेवून देवीची स्थापना करतात. चौकाभोवती उसाची किंवा ज्वारीची पाच धाटे उभी करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधतात. ज्वारी हे या भागातील प्रमुख पीक असल्याने धाटांसाठी दूर जावे लागत नाही. जवळच दिवटी पेटविलेली असते आणि विधी संपेपर्यंत ती तेवत ठेवणे आवश्यक असते.

संबळ हे गोंधळाचे मुख्य वाद्य होय. ते लहानमोठ्या दोन चर्मवाद्यांची जोडी असून कमरेशी बांधून दोन काठ्यांनी वाजवितात. त्यांपैकी एका काठीचे टोक वाकविलेले असते. एका अंगातून खर्जातील घुमारा, तर दुसऱ्यातून टणत्कार निघतो आणि या दोहोंच्या संयोगाने लयीचे अनेक प्रकार साधतात. एकतारी तुणतुणे सुराचा आधार देते व झांज ताल राखते. मुख्य गोंधळ्यास नाईक म्हणतात. पायघोळ अंगरखा, डोक्यास पगडी, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळी कुंकू व पायांत घुंगरू असा त्याचा वेश असतो. त्याच्याबरोबर संबळवादक, तुणतुणेवाला आणि प्रश्न विचारून वा थट्टा करून कथेला गती देणारा साथीदार असे दोघे-तिघे असतात. एकच व्यक्ती वेळप्रसंगी यांतील दोन कामे करते.

रचना : गोंधळाचे पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग पडतात. पूर्वरंगात देवीची स्थापना व पूजा, गणेशाचे स्तवन आणि देवतांचे आवाहन येते. आवाहनात नाईक तुळजापूरच्या भवानीस, माहूरच्या रेणुकेस, कोल्हापूरच्या महालक्ष्मीस, जेजुरीच्या खंडोबास, पंढरपूरच्या विठोबास व इतर अनेक देवतांस त्यांच्या त्यांच्या स्थानाच्या नावाने हाक देऊन गोंधळास येण्याची विनंती करतो. मोठ्या क्षेत्रांपासून सुरू झालेली ही हाक शेवटी यजमानाच्या गावातील ग्रामदेवतेपर्यंत येऊन पोहोचते. यानंतर देवीची स्तुतिपर पदे व जोगवा गायिला जातो. उत्तररंगात नाईक एखादे सूत्र घेऊन त्यावर निरूपण करतो व त्याच्या दृष्टांतासाठी आख्यान लावतो. आख्यान संपल्यावर दिवट्या ओवाळून आरती होते आणि देवतांना निरोप दिला जातो.

या क्रमाला नाट्यदृष्ट्या विशेष अर्थ आहे. आवाहनानंतर सर्व देवता चौकाभोवती उपस्थित आहेत, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे पुढील आख्यान केवळ यजमान व गावकरी यांच्यापुढे नव्हे, तर देवतांपुढे सांगितले जाते. त्यात उच्चारलेल्या खऱ्याखोट्या शब्दाला साक्षी असतात. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय आख्यानांची पकड कशात आहे, ते उमगत नाही.

श्रोत्यांचे आवडते भाग : सर्व श्रोते सर्व भाग सारख्याच उत्कटतेने ऐकत नाहीत. पूर्वरंगातील देवतांची नामावळी वाचताना रुक्ष वाटली, तरी प्रत्यक्षात ती लक्षपूर्वक ऐकली जाते. कारण प्रत्येक कुटुंब आपल्या कुलदेवतेची हाक ऐकण्यास उत्सुक असते. आपल्या गावच्या देवतेचे नाव राहून गेल्यास वडीलधारी मंडळी नाइकाला थांबवून ते घ्यावयास लावतात. जोगव्याची पदे स्त्रियांच्या विशेष जिव्हाळ्याची असतात. तरुण वर्ग संबळाच्या स्वतंत्र वादनाची व नाईक आणि साथीदार यांच्या सवालजवाबांची वाट पाहतो. या संवादांत गावातील ताज्या घडामोडींवरही बोट ठेवले जाते.

‘करपल्लवी’ हा गोंधळ्यांच्या कौशल्याचा असाच एक लोकप्रिय नमुना होय. श्रोत्याने एका गोंधळ्याच्या कानात सांगितलेले नाव तो न बोलता हातांच्या खुणांनी दूर उभ्या असलेल्या साथीदारास कळवितो व साथीदार ते मोठ्याने सांगतो. डोळ्यांच्या खुणांनी हेच साधल्यास त्यास ‘नेत्रपल्लवी’ म्हणतात. करपल्लवीच्या जुन्या पद्धतीत वर्णमालेच्या प्रत्येक वर्गासाठी हाताची एक आकृती ठरलेली असून वर्गातील अक्षराचा क्रम बोटांच्या संख्येने दाखवितात. उदा., ‘जना’ या नावातील ‘ज’ दाखविण्यासाठी च-वर्गाची खूण करून तीन बोटे, तर ‘न’ दाखविण्यासाठी त-वर्गाची खूण करून पाच बोटे दाखवावयाची व नंतर काना सुचवावयाचा. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपुढे अक्षरांचा हा खेळ रंगत असे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तथापि गोंधळाची खरी परीक्षा आख्यानात होते. हरिश्चंद्र-तारामतीच्या आख्यानात राज्यदानाचा प्रसंग मोठा असला, तरी श्रोते थांबतात ते स्मशानातील प्रसंगासाठी. मृत पुत्राला घेऊन आलेल्या पत्नीकडे हरिश्चंद्र स्मशानाचा कर मागतो, हा त्याचा उत्कर्षबिंदू होय. चिलया बाळाच्या आख्यानात अतिथीच्या इच्छेसाठी श्रियाळ व चांगुणा आपल्या मुलाचा बळी देतात. त्यात मुलाचे मस्तक उखळात कांडताना मातेने डोळ्यांत पाणी न आणण्याचा प्रसंग सर्वांत हृदयद्रावक मानतात. दोन्ही कथांत आवडीचा प्रसंग हा शब्द पाळण्याची कसोटी पाहणारा प्रसंग आहे. नाईक येथे लय संथ करतो, संबळ जवळजवळ थांबते आणि केवळ तुणतुण्याच्या सुरावर पद म्हटले जाते. श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून तो हा भाग वाढवितो किंवा आटोपता घेतो. म्हणजे श्रोत्यांची आवड ही आख्यान संपल्यावर व्यक्त होणारी गोष्ट नसून आख्यानाच्या घडणीतच तिचा सहभाग असतो.

जांभूळ आख्यान : गोंधळाच्या आख्यानांत ‘जांभूळ आख्याना’ला वेगळे स्थान आहे. त्याचे पाठ नाइकागणिक बदलत असले, तरी कथेचा गाभा समान आहे. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात त्याच्याविषयी अभिलाषा उत्पन्न होते आणि पाच पतींबरोबर हाही सहावा असता तर, असा विचार येऊन जातो. श्रीकृष्ण हे ओळखतो व पांडवांना आणि द्रौपदीला वनात घेऊन जातो. तेथे एका वृक्षावर एकच जांभूळ असते. ते तोडले जाते. तेव्हा श्रीकृष्ण सांगतो, की हे फळ एका तपस्वी ऋषीचे असून दीर्घ तपानंतर तो या एकाच फळावर उपवास सोडतो. ते जागेवर न दिसल्यास तो सर्वांना शाप देईल. उपाय एकच : प्रत्येकाने आपल्या मनातील गुपित खरेपणाने सांगावे, म्हणजे फळ देठाकडे वर चढत जाईल. पाचही पांडव आपापले अंतरंग उघड करतात व फळ टप्प्याटप्प्याने वर जाते. द्रौपदी बोलते, तेव्हा मात्र ते अडते किंवा खाली येते. कारण तिने काही झाकून ठेवलेले असते. अखेर ती कर्णाविषयीची अभिलाषा बोलून दाखविते आणि जांभूळ देठाला चिकटते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या (पूर्ण १९६६) मुख्य संहितेत ही कथा नाही. तिचे बीज सुचविणारे एक स्थळ मात्र उद्योगपर्वात आहे. कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगून पांडवांच्या पक्षास वळविण्याचा प्रयत्न करताना श्रीकृष्ण त्याला इतर प्रलोभनांबरोबर असेही सांगतो, की सहाव्या पाळीस द्रौपदी तुझ्याकडे येईल. कर्ण कुंतीचा ज्येष्ठ पुत्र असल्याने तो वस्तुतः पांडवच होय. गोंधळाच्या श्रोत्यांना हे ठाऊक असते. कथेतील द्रौपदीला ते ठाऊक नसते. तिला पाप वाटणाऱ्या विचारामागे एक अज्ञात नाते आहे, याची जाणीव श्रोत्याच्या मनात सतत असते. प्रसंगाची व्याकुळता वाढते ती यामुळे. सतराव्या शतकातील काशीराम दास यांच्या बंगाली महाभारतातही अशीच कथा असून तेथे जांभळाऐवजी अकाली फळलेला आंबा आहे. यावरून ही कथा भारताच्या निरनिराळ्या प्रदेशांत लोकपरंपरेने जतन केली, असे दिसते.

या आख्यानाची रचना गोंधळाच्या वादनाला अत्यंत अनुकूल आहे. सहा जणांची सहा कथने हा त्यातील क्रम असल्याने प्रत्येक कथनानंतर संबळाची लय चढविता येते. फळ एकेक टप्पा वर चढते, तसतशी लय वाढते आणि द्रौपदीची पाळी येताच ती एकदम तुटते. ही स्तब्धता हा आख्यानातील सर्वांत लोकप्रिय क्षण होय. नाईक खांद्यावरील वस्त्राचा पदर डोक्यावर घेऊन द्रौपदी होतो, क्षणात तो सोडून श्रीकृष्ण होतो. साथीदार फळ कोठवर आले याची विचारपूस करतो. वेगळे नेपथ्य नसते. उभ्या धाटांकडे हात करून वृक्ष सुचविता येतो. ज्येष्ठ-आषाढात पिकणारे व जिभेवर आपला रंग ठेवून जाणारे जांभूळ प्रत्येक श्रोत्याच्या परिचयाचे असते. खाल्ले की लपविता न येणारे हे फळ मनातील गुपिताचे प्रतीक म्हणून चपखल ठरते.

अर्थनिर्णय : या आख्यानाचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. एका मतानुसार पतिव्रतेच्या अभिमानाचे हरण हा त्याचा विषय होय. श्रीकृष्ण द्रौपदीचा गर्व उतरवितो व तिला नम्र करतो. या दृष्टीने पाहता स्त्रीच्या मनावर पहारा ठेवणारी ही कथा आहे, असा आक्षेप तिच्यावर घेता येतो. दुसऱ्या मतानुसार सत्यकथनाचे सामर्थ्य हा तिचा विषय होय. विचार मनात आला म्हणून द्रौपदीला शिक्षा होत नाही. तो झाकला म्हणून फळ अडते आणि बोलला म्हणून सर्वांचे रक्षण होते. पाच पती ते ऐकतात आणि तिचा त्याग करीत नाहीत.

कोणता अर्थ प्रभावी ठरेल, हे पुष्कळसे सादरीकरणावर अवलंबून असते. नाइकाने साथीदाराच्या थट्टेस अधिक वाव दिला, तर पहिला अर्थ पुढे येतो व हशा पिकतो. पाचही पांडवांची गुपिते पूर्णपणे सांगितली, तर दुसरा अर्थ बळावतो. कारण तेव्हा द्रौपदी ही एकटी अपराधी उरत नाही, लपविण्यासारखे काही असलेल्या सहा जणांपैकी ती एक ठरते. विवाहानंतरच्या गोंधळात याला आणखी एक परिमाण लाभते. नवदांपत्य चौकासमोर बसलेले असते. गावच्या व देवीच्या साक्षीने त्यांना पहिल्याच रात्री ऐकविली जाणारी कथा ही मनाच्या चंचलतेची व ती एकमेकांस सांगता येण्याची असते. द्रौपदीच्या ‘थाळीपाक’ कथेशी ताडून पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. त्या कथेत थाळीला चिकटून राहिलेले भाजीचे एक पान श्रीकृष्ण खातो आणि दुर्वास ऋषी व त्यांचे शिष्य तृप्त होतात. दोन्ही कथांत ऋषीचा शाप, अन्नाचा एक लहानसा अंश व श्रीकृष्णाचे साहाय्य हे घटक समान आहेत. पहिलीत द्रौपदीजवळ देण्यासारखे काही उरलेले नाही, हे संकट आहे; दुसरीत तिच्याजवळ न सांगितलेले काही उरले आहे, हे संकट आहे.

अंश व समग्र : आवडता भाग मूळ रचनेतून वेगळा काढला, की त्याचे काय होते, हा प्रश्न केवळ गोंधळापुरता मर्यादित नाही. ध्वनिमुद्रणामुळे तो सर्वच दीर्घ संगीतरचनांच्या बाबतीत निर्माण झाला. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते चार मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे तबकडीसाठी दीर्घ गायनातून निवडक अंश घेणे भाग पडे. १९४८ मध्ये दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आली व एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. तिचा उपयोग करून इंग्लंडमधील रॉक संगीतकारांनी १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून एका कल्पनेभोवती गुंफलेल्या सलग रचना केल्या. जेथ्रो टल या वाद्यवृंदाची ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२) ही रचना दोन्ही बाजू व्यापणारी असून केवळ तबकडी उलटण्यापुरती खंडित होते. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ (१९७९) या रचनेत स्वतःभोवती मनाची भिंत उभारत जाणाऱ्या एका गायकाची कथा आहे. तीतील एक गीत तीन भागांत विखुरलेले आहे. त्याचा शाळकरी मुलांच्या समूहस्वरांचा दुसरा भाग स्वतंत्र तबकडीच्या रूपाने जगभर गाजला. तो एकटा ऐकल्यास शाळेविरुद्धचे बंड एवढाच त्याचा अर्थ होतो. समग्र रचनेत मात्र युद्धात गमावलेल्या पित्याच्या दुःखानंतर येणारी ती भिंतीतील आणखी एक वीट असते. अशा रचनांचे रसिक कोणता भाग श्रेष्ठ यावर वाद घालतात. त्या वादाचे मूळ बहुधा येथेच असते : एक पक्ष त्या भागाचे स्वतंत्र सौंदर्य पाहतो, दुसरा त्याचे कथेतील स्थान पाहतो.

गोंधळात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने उपस्थित होतो. मुंबईच्या इंडियन नॅशनल थिएटर या संस्थेने ‘जांभूळ आख्यान’ रंगभूमीवर आणले आणि त्यातील शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचे काम विशेष गाजले. गोंधळ कधीही न पाहिलेल्या नागर प्रेक्षकाला या प्रयोगामुळे त्या कलेचा परिचय झाला. ‘जोगवा’ (२००९) या मराठी चित्रपटातील अजय–अतुल यांच्या संगीतामुळे देवीच्या उपासकांच्या गायनपरंपरेकडेही नव्या पिढीचे लक्ष वेधले गेले. रंगमंचावर आख्यानाचे नाट्य ठसठशीत होते व कलावंताच्या अभिनयास पूर्ण वाव मिळतो. उलट चौक, आवाहन व अखंड दिवटी यांनी निर्माण होणारी साक्षीची भावना तेथे आपोआप येत नाही. ती सूचित करावी लागते. घरच्या गोंधळात श्रोता हा प्रेक्षक नसून विधीचा घटक असतो. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला ही भूमिका सहजी लाभत नाही.

सद्यःस्थिती : पूर्वीच्या गावगाड्यात गोंधळ्याची गणना अलुतेदारांत होत असे व ठरलेल्या घरांचे गोंधळ घालण्याचा हक्क वंशपरंपरेने चाले. पैपाहुण्यांना रात्रभर थांबणे शक्य होते आणि सुगीनंतरच्या लग्नसराईत गोंधळ्यांचा वर्षाचा निर्वाह बऱ्याच अंशी होई. ही व्यवस्था आता मागे पडली आहे. शिक्षण, नोकरी व स्थलांतर यांमुळे गोंधळ्यांच्या नव्या पिढीतील अनेकांनी अन्य व्यवसाय पत्करले आहेत. लग्न मंगल कार्यालयात व एका दिवसात उरकू लागल्याने गोंधळही पुष्कळदा दोन-तीन तासांत संपवावा लागतो. अशा वेळी स्थापना, थोडे आवाहन, जोगवा व आरती एवढेच भाग राखले जातात. म्हणजे विधी टिकतो, पण आख्यान गळते. याउलट महोत्सव व स्पर्धा यांत आख्यान, संबळवादन किंवा करपल्लवी यांना स्थान मिळते, पण विधी गळतो. एकेकाळी एका रात्रीत एकत्र असलेले दोन अर्धे असे दोन ठिकाणी विभागले गेले आहेत.

गोंधळाची आख्याने मुख्यतः मौखिक परंपरेने चालत आली. पद पाठ असले, तरी ते कोठे थांबवावे, लय केव्हा सोडावी आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावरून कोणता प्रसंग वाढवावा, हे शागीर्द रात्रभराच्या प्रत्यक्ष साथीतूनच शिकतो. संक्षिप्त गोंधळात हे शिकण्याची संधी उरत नाही. आख्यानांची संहिता उतरवून घेणे उपयुक्त असले, तरी त्याने ही उणीव भरून निघत नाही. संपूर्ण रात्रीचा गोंधळ त्याच्या विधीसह, श्रोत्यांच्या प्रतिसादासह ध्वनिचित्रमुद्रित करणे अधिक महत्त्वाचे होय. जांभूळ देठाला लागण्याचा क्षण श्रोत्यांना प्रिय आहे. त्याचे मोल मात्र त्यापूर्वी तासन्‌तास चाललेल्या आवाहनात व पाचही पांडवांच्या कथनांत साठलेले असते. ते कथन आणि ते आवाहन ऐकण्यास जागणारा समाज जोवर आहे, तोवर या आख्यानाचा पूर्ण अर्थ जिवंत राहतो.